ऐंशी किलोंचा गैरसमज

घर बांधताना माणूस दिवाणखान्याच्या फरशीसाठी सगळा बाजार पालथा घालतो, देवघराच्या दिशेबद्दल गुरुजींची परस्परविरोधी मते श्रद्धेने ऐकून घेतो आणि ओट्याच्या उंचीवरून घरात अबोला धरण्याइतका गंभीर होतो, गॅरेजच्या शटरची वेळ येते तेव्हा मात्र ठेकेदाराने "शटर लगा दूँ, बाबूजी?" असे विचारावे आणि याने "लगा दो" म्हणून मोकळे व्हावे, एवढ्यावर तो विषय संपतो. त्यानंतर ते शटर वर्षानुवर्षे भिंतीत जमा असते. भिंतीला निदान चार-पाच वर्षांनी एकदा रंग तरी मिळतो. शटरला तोही मिळत नाही, कारण पट्ट्यांच्या खोबणींत ब्रश जात नाही असे रंगारी सांगतो आणि खर्च वाचल्यामुळे घरमालकाला ते लगेच पटते.

इंदूरच्या टिळकनगरातील आमच्या घराचे शटर असेच भिंतीत जमा होते. त्याच्या आत आमची मोटार, गणपतीचे जुने लाकडी मखर, लग्नकार्यासाठी शेजारी मागून नेतात म्हणून सांभाळलेली पितळी पातेली, मुलाची पहिली सायकल आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या बादल्या असा ऐवज असतो. यांतील शेवटची वस्तू ज्याला किरकोळ वाटेल तो वाचक इंदूरचा नव्हे. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या या गावात सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत दारात येते, त्या वेळी बादल्या हातात घेऊन उभे नसणे हे परीक्षेच्या हॉलमध्ये पेनशिवाय जाण्यासारखे आहे. आमचे शटर बंद पडले ते नेमके या गाण्याच्या सुरांवर. नेहमीप्रमाणे मी वाकून मूठ धरली, नेहमीप्रमाणे ओढली, आणि शटर जमिनीपासून जेमतेम फूटभर वर येऊन जे अडले ते अडलेच.

"अहो, जोर लावा ना," पत्नी म्हणाली. मी जोर लावला. पट्ट्या कुरकुरल्या आणि माझ्या कमरेनेही त्यांना साथ दिली. बादल्या आत, आम्ही बाहेर आणि गाडीवरचा कर्मचारी आमच्याकडे दयेने पाहत पुढच्या घराकडे निघालेला. एवढ्यात आई बाहेर आली, तिने एकूण परिस्थितीची पाहणी केली आणि ज्याची मला धास्ती होती तेच वाक्य उच्चारले : "तुझे वडील हे एका हाताने उचलायचे. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असायची."

शटर हे घरातील सर्वांत जाहीर यंत्र आहे. फ्रीज बिघडला तर तो घरातल्या घरात बिघडतो; शटर बिघडले की ते गल्लीसमक्ष बिघडते. शिवाय त्याच्या खडखडाटावरून कोण केव्हा बाहेर पडला आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊन मध्यरात्री कोण केव्हा परतला, याची नोंद सगळ्या शेजाऱ्यांकडे आपोआप होत असते, त्यामुळे रोजचा खडखडाट त्या दिवशी अर्ध्यावरच थांबला हे सर्वांना आपापल्या चहाच्या टेबलावर कळले. थोड्याच वेळात आमच्या फाटकात समिती जमली. प्रत्येकाच्या हातात एक तेल होते. कोणी शिवणयंत्राचे आणले, कोणी खोबरेल, कोणी मोहरीचे. एका सद्गृहस्थांनी स्कूटरच्या सर्व्हिसिंगमधून उरलेले, काळ्या रंगाचे आणि अज्ञात गुणधर्मांचे तेल बाटलीतून आणले होते. कुरकुरणाऱ्या वस्तूत तेल ओतावे, हा आपल्या समाजातला बहुधा शेवटचा एकमताचा मुद्दा असावा. ही सर्व तेले, मी नको म्हणत असतानाही, शटर ज्या उभ्या लोखंडी खाचांतून सरकते त्या दोन्ही चॅनेलांमध्ये क्रमाक्रमाने ओतण्यात आली. शटर हलले नाही. फक्त फोडणीचा वास सुटला.

समितीतील एकटे अण्णा तेलाविना आले होते. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असून, गल्लीतील प्रत्येक बांधकामाकडे ते अजूनही देयक मंजूर करायच्या नजरेने पाहतात. त्यांनी खिशातून टेप काढला, मला त्याचे एक टोक धरायला लावले आणि शटर नऊ फूट रुंद व आठ फूट उंच, म्हणजे बहात्तर चौरस फूट, म्हणजेच सुमारे ६.७ चौरस मीटर असल्याचे मोठ्याने जाहीर केले. लोखंडी शटरांसाठी भारतीय मानक ६२४८ अस्तित्वात आहे, ही माहिती त्यांनी आमच्या अज्ञानाबद्दल खेद व्यक्त करीत दिली. दहा चौरस मीटरपर्यंतचे शटर हाताने ओढायचे असते आणि त्याहून मोठ्या शटराला साखळीची किंवा दांड्याची यांत्रिक सोय करावी लागते, असे सरकारी दरपत्रक सांगते. सबब आमचे शटर नियमाप्रमाणे हाताने उघडलेच पाहिजे, आणि ते उघडत नसेल तर दोष नियमाचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर अण्णांनी जो हिशेब मांडला त्यामुळे त्या सकाळचे स्वरूपच बदलले. पट्ट्यांचा पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा. पोलादाचा एवढ्या जाडीचा सपाट पत्रा चौरस मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो. पट्ट्या एकमेकींत अडकाव्यात म्हणून त्यांच्या कडा वळवलेल्या असतात, त्या वळणांचा पत्रा धरला आणि खालची जाड पट्टी मिळवली की आमच्या शटराचे वजन ऐंशी किलोंच्या घरात जाते. "आता सांगा," अण्णा म्हणाले, "ऐंशी किलो रोज सकाळी एका हाताने कोण उचलीत होते?" कोणीच बोलले नाही. सगळ्यांनी आईकडे पाहण्याचे टाळले.

उचलीत होती ती स्प्रिंग. शटराच्या डोक्यावर पत्र्याची जी पेटी असते तिच्या आत एक आडवी नळी असते आणि त्या नळीला स्प्रिंगा जोडलेल्या असतात. शटर खाली ओढताना आपल्याला वाटते की आपण ते बंद करीत आहोत. वस्तुतः त्या वेळी आपण स्प्रिंगांना पीळ देत असतो. पट्ट्यांचा पडदा जितका खाली लोंबतो तितके त्याचे वजन जास्त आणि तितकाच पीळही जास्त. वर जाताना पडदा नळीवर गुंडाळला जातो, लोंबते वजन कमी होत जाते आणि त्याच प्रमाणात पीळही उतरत जातो. दोन्ही बाजूंचा हा जमाखर्च जवळजवळ तंतोतंत जुळत असल्याने माणसाच्या वाट्याला फक्त थोडेसे घर्षण आणि सगळे श्रेय उरते. तारुण्यात मला माझ्या दंडांबद्दल जो आदर वाटत असे त्यातला बराचसा या शटरामुळे निर्माण झालेला होता, हे त्या क्षणी लक्षात आले आणि व्यायामशाळेची वर्गणी न भरल्याचे नव्याने वाईट वाटले.

अण्णांनी ही उपपत्ती आईलाही आदरपूर्वक समजावून सांगितली. आईने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "म्हणजे त्या स्प्रिंगेचे श्राद्ध घालायला हवे होते का मी?" अण्णांनी टेप गुंडाळला.

दरम्यान पत्नीने, नऊवारीपासून संगणकापर्यंत सर्वच बाबतींत तिचा ज्याच्यावर विश्वास आहे त्या माझ्या अमेरिकेतील भाच्याला व्हिडिओवर गाठले होते. तिकडे रात्र झाली होती, तरी भाचा उत्साहाने आपल्या गॅरेजमध्ये गेला. "मामा, आधी ओपनरची मोटर सोडव आणि दरवाजा अर्ध्यावर आणून हात काढून घे. तो जागीच थांबला तर स्प्रिंग ठीक, खाली आला तर स्प्रिंग गेली." आमच्याकडे ओपनर मीच असल्यामुळे सोडवण्यासारखे काही नव्हते. तिकडचा दरवाजा गुंडाळला जात नाही. त्याच्या आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि तो रुळांवरून वर जाऊन छताखाली आडवा झोपतो. वर उचलायचा असा दरवाजा सी. जी. जॉन्सन या गृहस्थाने १९२१ साली काढला आणि त्याला वर नेणारे विजेचे यंत्र १९२६ साली, ही माहिती भाच्याने पुरवली, तेव्हा अण्णांनी प्रथमच मोबाइलच्या पडद्याकडे समान दर्जाच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. तेथील स्प्रिंगेचे आयुष्य वर्षांत न सांगता उघडझापीत सांगतात. सर्वसाधारण स्प्रिंग दहा हजार उघडझापींची असते, म्हणजे दिवसातून चार वेळा दार उघडले-मिटले तर सात वर्षे भरायच्या आतच तिची मुदत संपते. अण्णांनी हा भागाकार तोंडी करून भाच्याला दुजोरा दिला.

पुढे संभाषण या दोघांतच राहिले आणि आम्ही केवळ मोबाइल धरण्यापुरते उरलो. दरवाजा खाली येताना मध्ये काही अडले तर त्याने आपण होऊन माघारी फिरावे, असा तिकडे १९९३ सालापासून विजेच्या यंत्रांसाठी कायदाच आहे; जमिनीपासून सहा इंचांच्या आत प्रकाशकिरणाचे डोळे बसवलेले असतात, आणि दर महिन्याला जमिनीवर आडवी फळी ठेवून दार तिला टेकताच परत फिरते की नाही हे तपासायचे असते. अण्णांनी ताबडतोब फळी मागवली. आमचे शटर कोणत्याही फळीवरून माघारी फिरणारे नाही, ते खाली येते तेव्हा खाली उभ्या असलेल्याच्या अक्कलहुशारीवर सगळा भरवसा टाकून येते, असे मी निदर्शनास आणून दिले; पण फळी तोवर आली होती, आणि दिवसभर ती सर्वांच्या पायांत येत राहिली. भाच्याने शेवटी निळ्या-पिवळ्या डब्यातील डब्ल्यूडी-४० फवारण्याचा सल्ला दिला. चाळिसाव्या प्रयोगात जमले म्हणून त्या औषधाच्या नावात चाळीस आहे, आणि ते १९५३ साली मुळात लोखंडावरचे पाणी हटवण्यासाठी तयार झाले. म्हणजे गंज सोडवायला ते उत्तम, पण टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. आमच्या चॅनेलांत त्या वेळी पाणी सोडून बाकी सर्व होते. मात्र भाच्याचे एक वाक्य अण्णांनी मला पुन्हा म्हणायला लावले : काहीही करा, पण पिळलेल्या स्प्रिंगेला घरातल्या कोणी हात लावू नका. ऐंशी किलो तोलणारी ताकद सुटली की ती पाना धरणाऱ्याच्या मनगटातून बाहेर पडते.

शटर दुरुस्त करणारे उस्ताद आले ते पोह्यांच्या वेळेला. उत्तम कारागिराची इंदुरातील ओळख हीच की तो जिरावन मसाला घातलेले पोहे संपेपर्यंत कामाकडे ढुंकूनही पाहत नाही. मग त्यांनी बशी खाली ठेवली, पेटीवर बोटांच्या सांध्यांनी टकटक केली, शटर दोन बोटे वर करून सोडले आणि म्हणाले, "भिया, ये तो रात में ही बोल गई होगी. आवाज नी आई?" आवाज आला होता. रात्री गॅरेजच्या बाजूने धाडकन काहीतरी झाले होते. पत्नीला ते मांजर वाटले, मला ट्रान्सफॉर्मर वाटला आणि आईला चोर वाटला, पण पातेली जड असल्यामुळे ती निर्धास्त झोपली. शटर पूर्ण बंद असते तेव्हाच स्प्रिंगेला सर्वांत जास्त पीळ असतो, म्हणून तिला तुटायचे असेल तर ती बहुधा तेव्हाच तुटते, असे उस्तादांचे म्हणणे. आणि अण्णांनी त्यावर मान हलवली, ही आमच्या गल्लीच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी घटना होय.

त्यानंतर उस्तादांचे लक्ष चॅनेलांकडे गेले. त्यांनी आत बोट फिरवून बाहेर काढले. त्यावर माळव्याची काळी धूळ, रंगपंचमीच्या गुलालाचे अवशेष आणि समितीची समस्त तेले यांचा जो लेप आला त्याला रंग कोणता म्हणावा हे सांगता येणार नाही. "ये तेल किनने डाला?" समितीतील प्रत्येकाला त्या क्षणी घरी काहीतरी विसरल्याचे आठवले. चॅनेलात तेल किंवा ग्रीस घालू नये. तेथे ते धूळ पकडून ठेवते आणि घर्षण कमी होण्याऐवजी वाढते. चॅनेल कोरड्या फडक्याने पुसावे आणि फार तर मेणबत्ती घासावी. ग्रीस द्यायचे ते नळीच्या टोकांना असलेल्या बेअरिंगांना, जेथवर कोणाचाही हात पोहोचत नाही आणि म्हणूनच जेथे कधीही कोणी ग्रीस देत नाही. शिवाय पट्ट्यांच्या टोकांना ज्या लहान कड्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात, त्यांतील काही पडून गेल्या होत्या. त्यामुळे पट्ट्या आडव्या सरकून चॅनेलाला घासत होत्या. आम्ही ज्या कुरकुरीवर तेल ओतत होतो ती मुळात या घासण्याची होती.

दुरुस्तीची सुरुवात गल्लीतल्या चार तरण्या पोरांना बोलावून झाली. त्यांनी उस्तादांच्या हुकमावरून शटर वर रेटले, खाली बल्ल्यांचे टेकू लागले, वर दोरखंड बांधला गेला, आणि आईने मुलांना विचारले की एवढे चार जण कशाला लागतात. "पेले गाड़ी निकालो," उस्ताद म्हणाले, कारण त्यांना घोडी उभी करायला जागा हवी होती. पत्नीने हे ऐकले मात्र, तिचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी खंडवा रोडवरील विद्यापीठाच्या सभागृहात सानंद या संस्थेचे नाटक होते आणि सकाळपासून तिची खरी काळजी कचऱ्याची नव्हे, मोटारीची होती. शटर गुंडाळलेले असताना स्प्रिंगेत फार थोडा पीळ उरतो. तेवढाही उस्तादांनी पाइपपान्याने नळी धरून, शिष्याला बाजूला उभे करून, सावकाश उतरवला आणि नळी खाली घेतली. आतून स्प्रिंगेचे दोन तुकडे निघाले.

नवी स्प्रिंग आणायला उस्ताद, अण्णा आणि मी सियागंजात गेलो. सियागंजात मोटार नेणे म्हणजे मोटार नेण्याचा पश्चात्ताप विकत घेणे असल्यामुळे आम्ही रिक्षाने गेलो. दुकानदाराने लांबी विचारली. "साडेसत्तावीस सेंटिमीटर," अण्णांनी दरपत्रकातून पाठ म्हटले. "एक बित्ता तीन उंगल," उस्ताद त्याच क्षणी म्हणाले आणि त्यांनी आपला पंजा काउंटरवर पसरला. अण्णांनी टेप काढून तो पंजा मोजला. वीत साधारण बावीस सेंटिमीटर भरली, तीन बोटे साडेपाच. अण्णांना हे आवडले नाही. हाताच्या पंज्याला मानक नसते, असे ते परतताना रिक्षात बराच वेळ सांगत होते, आणि उस्ताद शांतपणे बाहेर बघत होते. दोन्ही स्प्रिंगा बदलाव्यात, कारण दुसरीचेही वय तेवढेच झालेले आहे, या मुद्द्यावर मात्र उस्ताद, अण्णा आणि अमेरिका यांचे एकमत झाल्याने माझ्या काटकसरीच्या सूचनेचा विचार झाला नाही.

सर्वांत अवघड काम पीळ देण्याचे. कमी पडला तर शटर जड आणि खाली कोसळणारे; जास्त झाला तर ते ओढून कुलूप लावेपर्यंत हातातून निसटून वर पळणारे. उस्ताद नळी फिरवत, थांबत, कानाने काहीतरी ऐकत आणि पुन्हा फिरवत. "कितने चक्कर?" अण्णांनी वहीत लिहून घेण्यासाठी विचारले. "जित्ते ये माँगे," उस्ताद म्हणाले. अण्णांनी तो रकाना रिकामा ठेवला. कड्या नव्याने ठोकल्या गेल्या, चॅनेले खरवडून पुसली गेली, दोरखंड सुटला, आणि उस्तादांनी शटर अर्ध्यावर आणून हात काढून घेतला. ते जागच्या जागी थांबले. ही परीक्षा भाच्याने सांगितलेलीच होती, त्यामुळे गल्लीत टाळ्या पडल्या त्यांतला काही वाटा अमेरिकेलाही मिळाला. मग आई पुढे झाली, तिने पदर खोचला, मूठ धरली आणि शटर एका हाताने थेट पेटीपर्यंत नेऊन सोडले. "हं," ती अण्णांना म्हणाली, "आता भाजीची पिशवी द्या दुसऱ्या हातात."

जाताना उस्तादांनी ताकीद दिली की मूठ नेहमी मधली धरावी. एका कडेने उचलले की पडदा तिरका होऊन चॅनेलात रुततो. आमच्याकडे उजवीकडे पातेली असल्याने गेली कित्येक वर्षे सगळे जण डाव्या कडेनेच उचलत आले आहेत, आणि पातेली हलवायची झाली तर मखर हलवावे लागेल, मखर हलवले तर सायकल. हा प्रश्न कुटुंबात चर्चेला ठेवलेला आहे. तुटलेली स्प्रिंग सुक्या कचऱ्यात चालेल का, यावर कर्मचाऱ्याने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, तेव्हा ती भंगारवाल्यासाठी राखून ठेवली.

देखभालीची जबाबदारी अण्णांनी स्वतःहून घेतली. वर्षातून दोनदा, एकदा रंगपंचमीनंतर गुलाल काढण्यासाठी आणि एकदा पावसाळ्यापूर्वी गंज पाहण्यासाठी, असे वेळापत्रक आखून त्यांनी रकाने आखलेली एक जाड वही आमच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगली आहे. पहिली तपासणी त्यांनी वेळापत्रकाची वाट न पाहताच केली. चॅनेले स्वच्छ, कड्या पूर्ण, मेण समाधानकारक, परंतु घरमालक शटर अजूनही डाव्या कडेने उचलताना आढळले, असा शेरा त्यांनी लाल शाईने लिहिला आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली. प्रत्यक्षात डाव्या कडेने उचलताना आढळली ती आई होती. तिच्या नावाने शेरा लिहिण्यास अण्णा तयार नाहीत आणि सही करण्यास मी तयार नाही, त्यामुळे प्रकरण सध्या प्रलंबित आहे.